मांड

मे महिन्यात मुलीला घोडेस्वारीच्या वर्गाला घातलं. तीन महिन्यांची फी एकदम भरली, बूट घेतले, हेल्मेट घेतलं. अकराव्या दिवशी तिने जाहीर केलं की पागेचा वास तिच्याच्याने सहन होत नाही. फी परत मिळणार नव्हती. आमच्याकडे शिळ्या पोळीचासुद्धा कुस्करा होतो, तिथे रोख भरलेली फी वाया कोण घालवणार? बूट मला अर्ध्या नंबराने घट्ट होत होते. हेल्मेट मात्र बरोब्बर बसलं. अशा रीतीने वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, बँकेतल्या सव्वीस वर्षांच्या खुर्चीनंतर, मी घोड्यावर बसले.

‘बसले’ हा शब्द जरा सैलच वापरला.

घोडा आपल्या रक्तातच आहे असा मराठी माणसाचा एक समज असतो. चौथीच्या इतिहासाच्या पुस्तकाने तो दिलेला असतो. प्रत्यक्षात आपली घोडेस्वारी म्हणजे माथेरान. पुढे लगाम धरून घोडेवाला चालतोय, वर आपण खोगीर घट्ट पकडून बसलोय, आणि घरी आल्यावर फोटोत मात्र ऐट. नाहीतर मग वरात. नवरदेवाच्या चेहऱ्यावरची भीती लग्नाची असते असं सगळे धरून चालतात. ती निम्मी तरी घोड्याची असते, हे आता मी खात्रीने सांगू शकते.

आमचे उस्ताद घोडदळातून निवृत्त झालेले, मूळचे माण तालुक्यातले. लष्करात घोडेस्वारी शिकवणाऱ्याला उस्तादच म्हणतात. जयपूरची ६१ कॅव्हलरी ही जगात आज उरलेल्या मोजक्या घोडदळांपैकी एक, १९५३ साली उभी राहिलेली. तिच्यात राजपूत आणि कायमखानी जवानांच्या जोडीने मराठेही असतात, त्यांतले हे एक. पहिल्या दिवशी त्यांनी मला घोड्याच्या जवळसुद्धा जाऊ दिलं नाही.

“ताई, एका पायावर उभ्या ऱ्हावा.”

राहिले.

“आता डोळे मिटा.”

मिटले, आणि चार आकडे मोजायच्या आत दुसरा पाय जमिनीवर आला. पुन्हा केलं, पुन्हा तेच. उस्ताद हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. “रोज करा,” म्हणाले. “दूध तापंस्तोवर करा.”

तोल सांभाळायला शरीर तीन ठिकाणांहून बातमी घेतं. एक डोळे, दुसरा कानाचा आतला भाग, आणि तिसरी स्नायू, सांधे, तळपाय यांच्यातून येणारी जाणीव. डोळे मिटले की सगळं काम उरलेल्या दोघांवर पडतं, आणि माझे हे दोन कर्मचारी कित्येक वर्षं बिनपगारी रजेवर होते. त्यात घोड्यावर चढलं की तळपायाखालची जमीनच जाते. खाली असते ती एक चालती पाठ, तिचा स्वतःचा ताल, तिची स्वतःची मर्जी. दूध तापवताना मी बगळ्यासारखी उभी राहू लागले. दोनदा उतू गेलं.

मला दिलेली घोडी रेसमधून निवृत्त झालेली. पळत होती तेव्हा तिचं काहीतरी भारदस्त इंग्रजी नाव होतं. पागेत सगळे तिला सगुणा म्हणत. पुण्या-मुंबईच्या बऱ्याच घोडेस्वारी शाळांमध्ये अशी रेसकोर्सवरून आलेली जनावरं असतात. सगुणाचं वजन अंदाजे ४२० किलो. घोड्याने स्वतःच्या वजनाच्या वीस टक्क्यांहून जास्त भार वाहू नये, असा साधारण दंडक आहे. माझे ६८ आणि खोगिराचे ८, म्हणजे ७६ किलो. हिशेब माझा धंदाच आहे: अठरा टक्के. कागदोपत्री मी पात्र होते. पण नीट बांधलेलं ६८ किलोचं गाठोडं आणि पाठीवर इकडून तिकडे हेलपाटणारं ६८ किलोचं गाठोडं यांत जनावराच्या दृष्टीने किती फरक असतो, हे त्या हिशेबात येत नव्हतं.

कदमचालीत मी राणी होते. कदमचालीत घोड्याचे पाय एकामागून एक पडतात, चार ठोके, त्यात खालचं शरीर झुलत राहतं. मग उस्तादांनी दुडकी सांगितली. दुडकीत समोरासमोरच्या कोपऱ्यांतले पाय जोडीने पडतात. दोनच ठोके, आणि दर ठोक्याला पाठ स्वाराला वर फेकते. मी वर गेले, आणि मी खाली येईपर्यंत सगुणा पुन्हा वर आली. मग जे कोणीही करेल तेच मी केलं. गुडघे आवळले, टाचा आवळल्या, लगाम ओढला. घोडी जोरात पळायला लागली.

तिचं काय चुकलं? टाच लागली म्हणजे चल, हे तिला लहानपणापासून शिकवलेलं. लगाम ओढला म्हणजे थांब, हेही शिकवलेलं, पण रेसच्या घोड्याला ताणलेल्या लगामावर रेलून धावायचीच सवय असते. मी एकाच दमात तिला दोन्ही सांगत होते. आमच्या शाखेत एका साहेबाने अर्ज मंजूर करायचा आणि दुसऱ्याने तोच अडवायचा, असा प्रकार व्हायचा तेव्हा ग्राहकाचं जे व्हायचं तेच तिचं झालं.

तोवर माझी समजूत अशी होती की हा सगळा ताकदीचा मामला आहे. धाकट्या भावाने शाळेत मल्लखांब केलेला. त्याने या समजुतीला खतपाणी घातलं. “मांड्यांत जोर पाहिजे,” म्हणाला. मल्लखांबावर ते खरंच आहे, तिथे मांडीची पकड सुटली की माणूस खाली. मी रोज साठ बैठका काढायला लागले. महिन्याभरात जिने चढताना दम लागेनासा झाला, आणि घोड्यावरची अवस्था होती त्याहून वाईट झाली. बैठका काढून बैठक बिघडली. आता आवळायला माझ्याकडे जास्त जोर होता, म्हणून मी जास्त उडत होते. घट्ट आवळलेल्या मांड्या गोल पाठीवरून माणसाला वरच ढकलतात. ओला साबण मुठीत दाबला की सटकतो, तसं.

आणि गंमत म्हणजे शब्द तर आपल्याकडे आधीपासून होता. घोड्यावर बसण्याला मराठीत मांड म्हणतात. मांड टाकली, मांड पक्की आहे, मांड सुटली. मी त्यात मांडी ऐकत होते, मांडीची पकड ऐकत होते. पण घरात पाटावर मांडी घालून जेवायला बसतो तेव्हा आपण पाट कुठे पकडतो? मांडी घालणं म्हणजे पाय सोडून देणं, कंबर मोकळी करणं, वजन खाली जाऊ देणं. उस्तादांना मी हे मोठ्या उत्साहाने सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “तेच सांगतोय की मी दोन महिनं. धरू नका. बसा.”

सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी झेनोफन नावाच्या ग्रीक सेनानीने घोडेस्वारीवर एक छोटं पुस्तक लिहिलं. तेव्हा ग्रीकांकडे पाय ठेवायची रिकीब नव्हती. त्याचं सांगणं असं, की घोड्यावर खुर्चीत बसल्यासारखं बसू नये. पाय फाकून जमिनीवर सरळ उभं राहावं तसं असावं. वाचलं तेव्हा वाटलं, हा माणूस मला ओळखतो. माझा सगळा रोग खुर्चीचाच होता. गुडघे पुढे, वजन मागे, पाठीला पोक, डोकं स्क्रीनकडे झुकलेलं. माणसाचं डोकं साडेचार-पाच किलोचं असतं. ते पुढे गेलं की बाकी सगळं त्याच्यामागे जातं. उस्ताद रिंगणाच्या मधोमध उभे राहून तासभर दोनच गोष्टी ओरडायचे: “नजर वर! टाच खाली!” टाच खाली का, तर घोटा मोकळा राहिला तर खालून येणारा धक्का तिथे विरतो. घोटा आवळला की धक्का गुडघ्यात जातो, गुडघा आवळला की कमरेत, कमर आवळली की मानेत. माझा थेट दातांपर्यंत जायचा.

मग त्यांनी माझ्या रिकिबी काढून घेतल्या. लगामही. घोडीला लांब दोरीवर धरून ते मध्ये उभे, ती गोल फिरतेय, मी वर, हात दोन्ही बाजूंना पसरलेले. मला हा अपमान वाटला होता. पुढे कळलं की व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलमध्ये, साडेचारशे वर्षांच्या परंपरेत, नव्या उमेदवाराला असंच दोरीवर बिनरिकिबीचं आणि बिनलगामाचं बसवतात, आणि तेही महिनोन् महिने. आधी बसता आलं पाहिजे, हात नंतर. ज्याचा तोल स्वतःपाशी नाही तो लगामाचा आधार घेतो, आणि लगामाचं दुसरं टोक जनावराच्या तोंडात असतं.

या दोरीवरच कळलं की मी श्वास रोखून धरते. दुडकी सुरू झाली की पहिली फेरी पुरी होईपर्यंत श्वासच नाही. श्वास थांबला की पोट ताठ, पोट ताठ म्हणून कंबर ताठ, आणि खाली सगुणाची पाठही ताठ. अंगावर माशी बसली तरी घोड्याची कातडी तेवढ्याच जागी थरथरते. त्याला ६८ किलोचा थांबलेला श्वास कळणार नाही होय? उस्ताद म्हणाले, “पाढं म्हणा. मोठ्यानं.” सकाळी साडेसहा वाजता, रिंगणात, दहा-बारा वर्षांच्या पोरांसमोर, मी एकोणीसचा पाढा म्हणत दुडकीवर गोल फिरत होते. एकोणीस सख चौदोत्तराशे. पाढ्याला श्वास लागतोच. आणि चार एकोणिसांनंतर कधीतरी खालून येणारा ठोका मला फेकेनासा झाला. दीड फेरी टिकलं असेल. सगुणाने नाकातून फुर्र केलं आणि मान खाली सोडली. घोडं सैलावलं की असं करतं. मला तेव्हा माहीत नव्हतं; मला वाटलं तिला सर्दी झाली.

आता रिकिबीची गोष्ट.

पहिल्या दिवसापासून माझी तक्रार होती की डावी रिकीब लांब आहे. डावा पाय तिच्यात राहायचाच नाही, सारखा निसटायचा. उस्ताद येऊन दोन्ही पट्टे धरायचे, भोकं मोजायचे, “सारखं हाय” म्हणून जायचे. मी दर आठवड्याला नवी शंका काढायची. पट्टा ताणलाय. खोगीर डावीकडे घसरलंय. घोडीच एका बाजूने उंच आहे. शेवटी एके दिवशी त्यांनी मला उतरवलं, पागेजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं आणि चहा दिला. चहा पिऊन झाल्यावर म्हणाले, “हलू नका. पाय बघा.”

डावा पाय उजव्यावर टाकलेला. मी बँकेत अशीच बसते. सव्वीस वर्षं अशीच बसले. असं बसलं की सगळं वजन उजव्या बाजूच्या बैठकीच्या हाडावर जातं आणि डावी कंबर वर उचलली जाते. खुर्चीला त्याचं काही वाटत नाही, म्हणून मला कधी कळलं नाही. घोडीला वाटत होतं. डाव्या हाताला चक्कर घेताना ती बाहेर सरकायची, उजव्या हाताला घेताना आत पडायची, आणि मी तिला हट्टी म्हणत होते. ती बिचारी माझ्या वजनाखाली जात होती. डोक्यावरचा हंडा कलला की बाई हंड्याखाली सरकते, तितकंच साधं.

त्या दिवसापासून मी शरीराकडे कर्जदाराच्या कागदपत्रांसारखं बघायला लागले: कुठे काय लपवलंय? चपलांचे तळवे उलटे करून पाहिले, झीज सारखी नव्हती. जमिनीवर बसून भाजी निवडायला घेतली, तर डावा गुडघा उजव्यापेक्षा चार बोटं वर. आमची आजी ऐंशीव्या वर्षी विळीवर बसून शेपू चिरायची, उकिडवी बसून तासभर गप्पा मारायची. मला मलासनात टाचा टेकवायला सात महिने लागले. (आजीचे दिवस चांगले होते असं मला म्हणायचं नाही, तिचे गुडघे शेवटी पार गेले होते, आणि जातं तिने हौसेने ओढलं नव्हतं.) पण घोडी चौखूर जायच्या आधीच्या चालीत, ज्याला क्लबात कॅन्टर म्हणतात, तीन ठोके पडतात आणि पाठ पुढे-वर-मागे असा गोल काढते. उस्ताद म्हणाले, “जात्यावर बसल्यागत कंबर जाऊ द्या.” जातं मी लहानपणी एकदाच पाहिलेलं, तरी अंगाला ते वाक्य कळलं. खांदे स्थिर, हात शांत, कंबर फिरतेय. शरीराच्या एका भागाने धरायचं आणि शेजारच्याने सोडायचं, दोन्ही एकाच वेळी. सगळंच आवळणं मला येत होतं, झोपताना सगळंच सोडणंही येत होतं. मधलं काही येत नव्हतं.

पडलेही. वाऱ्याने ताडपत्री फडफडली, सगुणा बुजून एकदम डावीकडे उसळली आणि मी उजवीकडे पडले. उजवीकडेच पडणार, वजन तिकडेच होतं. हात टेकवायचा नाही, अंग गोळा करून लोळायचं, हे शिकवलं होतं. मी हात टेकवला. मनगट सुजलं, तीन आठवडे शाखेत डाव्या हाताने सह्या करायचा प्रयत्न चालला होता. दोष ना ताडपत्रीचा, ना घोडीचा.

त्या तीन आठवड्यांत मी लिस हार्टेलबद्दल वाचलं. डेन्मार्कची ही बाई. १९४४ साली, गरोदर असताना, तिला पोलिओ झाला. हळूहळू बरंच काही परत आलं, पण गुडघ्यांखालचे पाय कायमचे लुळे राहिले. घोड्यावर चढवायला आणि उतरवायला माणसं लागायची. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये ड्रेसाज या, घोड्याकडून ठरलेल्या चाली करून घेण्याच्या प्रकारात बायकांना पहिल्यांदाच प्रवेश मिळाला, आणि तिने ज्युबिली नावाच्या घोडीवर बसून रौप्यपदक घेतलं. १९५६ ला पुन्हा रौप्य. गुडघ्याखालचा पाय नाही म्हणजे टाचेची खूण नाही. तिच्यापाशी घोडीशी बोलायला होतं ते पाठ, कंबर आणि वजन. माझ्या साठ बैठका आठवून मला जरा लाजच वाटली.

या खेळात वयाचंही फारसं चालत नाही. जपानचे हिरोशी होकेत्सू १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये खेळले आणि २०१२ ला लंडनमध्येही, तेव्हा ते ७१ वर्षांचे होते. ऑलिंपिकमध्ये पुरुष आणि बायका एकमेकांविरुद्ध उतरतात असे खेळ फार थोडे, त्यांतला हा एक. २०२३ ला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत आपल्या चौघांनी ड्रेसाजचं सांघिक सुवर्ण आणलं. दिव्यकृती सिंह आणि सुदीप्ती हाजेला या दोन मुली, अनुष अगरवाला आणि मुंबईचा हृदय छेडा हे दोन मुलगे. घोडेस्वारीत १९८२ नंतरचं भारताचं पहिलं आशियाई सुवर्ण. ती क्लिप मी पंधरा वेळा तरी पाहिली असेल. मुलगी म्हणाली, “आई, यात होतंय काय? ते नुसते बसलेत.”

हो ना.

पुण्यात शिवाजीनगरला श्री शिवाजी प्रिपेरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारात महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे, सासवण्याच्या नानासाहेब करमरकरांनी घडवलेला, १९२८ चा. लहानपणापासून कितीदा त्याच्यासमोर उभी राहिले असेन. दर वेळी चेहरा पाहिला. मागच्या महिन्यात गेले तेव्हा अर्धा तास पाय सोडण्याची तऱ्हा, टाच, कमरेपासूनची पाठ एवढंच बघत होते. रखवालदाराला संशय आला असावा, त्याने दोन चकरा मारल्या. आपल्याकडे चौकाचौकात अश्वारूढ पुतळे आहेत. एकदा सवड काढून त्यांच्या मांडेकडे बघा.

दोन वर्षं होत आली. मुलीच्या फीचे तीन महिने केव्हाच संपले, आता फी माझ्या नावाने जाते. डोळे मिटून एका पायावर उजवीकडे चाळीस आकडे होतात, डावीकडे बावीस. शाखेत टेबलाखाली दोन्ही पाय जमिनीवर ठेवते. सहकाऱ्यांना वाटतं कंबर धरलीय. गेल्या रविवारी दुडकीत डावी रिकीब पुन्हा लांब वाटली. तीन-चार फेऱ्या गप्प बसले, मग न राहवून उस्तादांना हाक मारली. ते आले, त्यांनी दोन्ही पट्टे धरून भोकं मोजली. दोन्ही आठव्या भोकावर होते.